नथवालीचं विमान

"विमानात बसायला मिळणार नसेल तर मी येतच नाही," असं जाहीर करून नकुलनं गेटपाशीच फतकल मारली.

"अरे, म्युझियम आहे ते, जत्रेतला पाळणा नाही," साकेत म्हणाला. "ऊठ आता. पँट हिरवी झाली."

"बाहेर बोर्डावर विमान काढलंय. मग आत विमान पाहिजे. नाहीतर ते चीटिंग आहे."

तनयानं त्याला बखोटीला धरून उभं केलं. तेरावं लागल्यापासून हे काम आपोआप तिच्या गळ्यात पडलं होतं. नकुल तिचा सख्खा भाऊ, वयानं दहा वर्षांचा आणि हट्टानं चार वर्षांचा. साकेत मामेभाऊ, कार्डिफहून सुट्टीला आलेला, बारा वर्षांचा आणि स्वतःला भलताच शहाणा समजणारा. एरवी तनयाचं घर लेस्टरला. पण २००६ सालच्या त्या ऑगस्टमध्ये तिच्या आईला, म्हणजे डॉक्टर अनुराधाला, लिंकनशरमधल्या एका हॉस्पिटलात तात्पुरतं काम मिळालं होतं. म्हणून तिघा कार्ट्यांना घेऊन ती ऑर्म्सथॉर्प नावाच्या खेड्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली होती. खाली घरमालकीण मिसेस पेगी होलब्रुक. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, आणि पहिल्याच दिवशी केक खाऊ घालून तिघांची 'पेगी आजी' होऊन बसलेल्या.

आज म्युझियम दाखवायला त्याच घेऊन आल्या होत्या.

"विमान नाही रे बाळा," त्या नकुलला म्हणाल्या, "पण माझा भाऊ आहे आत. चल, ओळख करून देते."

म्युझियम म्हणजे जुन्या धावपट्टीच्या कडेची पत्र्याची लांबट झोपडी. महायुद्धात इथून बॉम्बर विमानं उडायची. आता धावपट्टीवर गहू डोलत होता. आत गेल्या गेल्या समोरच्या भिंतीवर एक फोटो होता, भिंतीएवढा मोठा. विमानाच्या नाकासमोर सात तरुण खांद्याला खांदा लावून उभे होते. सगळ्यांच्या अंगात फुगीर लाइफ जॅकेटं, त्यामुळे आतला गणवेश दिसतच नव्हता. आणि त्यांच्या डोक्यांवर, विमानाच्या पत्र्यावर, एक बाई रंगवलेली होती.

"त्या काळी पोरं आपापल्या विमानाच्या नाकावर चित्र काढायची," पेगी आजींनी सांगितलं. "आणि एक मोहीम करून परत आलं की चित्राशेजारी एक छोटा बॉम्ब. बघ, कशा रांगा आहेत. जितके बॉम्ब, तितक्या वेळा घरी परत आलेले." मग त्यांनी डाव्या टोकाच्या मुलाकडे बोट केलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हा आर्थर. टोपी कशी वाकडी घातलीय बघ. आई सारखी ओरडायची त्याला."

"नाही, नाही, मिसेस होलब्रुक." पाठीमागून चहाचा मग घेऊन एक टाय लावलेले गृहस्थ आले. हे मिस्टर ब्रिंडली, म्युझियमचे सेक्रेटरी. "पुन्हा तेच? निगेटिव्हच्या पाकिटावर नावं लिहिलेली आहेत, डावीकडून उजवीकडे. डावीकडचा पहिला डॉब्सन. तुमचा आर्थर सातवा, त्या टोकाला. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं ना मी?"

लहान मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवावी, तसे ते बोलत होते. तनयाला मुळीच आवडलं नाही.

"पण तो आर्थर वाटत नाही हो मला," पेगी आजी उजव्या टोकाकडे बघत पुटपुटल्या.

"साठ वर्षं झाली. वय झालं की होतं असं." मिस्टर ब्रिंडली मुलांकडे वळले. "ही निगेटिव्ह किती वर्षं कपाटात पडून होती. मी स्वतः स्कॅन केली, स्वतः मोठी करून घेतली. रविवारी बाहेर स्मारकाचा फलक उघडायचाय. हाच फोटो, खाली नावं. उद्घाटन मिसेस होलब्रुकच करणार आहेत."

"आणि ही बाई कोण?" तनयानं विचारलं.

"स्पॅनिश डान्सर," त्यांनी ठोकून दिलं.

तनयानं मान वर करून पाहिलं. बाईच्या कमरेवर हात. अंगाला घट्ट बसलेलं, पायांमधून मागे खोचलेलं लुगडं. नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ.

"साकेत," ती मराठीत कुजबुजली, "ही स्पॅनिश असेल तर मी चिनी."

"नऊवारी," साकेत डोळे फाडून म्हणाला. "लिंकनशरमध्ये?"

बाहेर पडताना नकुलनं त्याच फोटोचं पोस्टकार्ड विकत घेतलं. "विमान नाही तर निदान विमानाची फोटो," तो म्हणाला.

"विमानाचा फोटो," साकेतनं दुरुस्त केलं.

"तेच ते."

---

घरी आल्यावर पेगी आजींनी चहाला किटली लावली आणि खुर्चीत बसून राहिल्या. जरा वेळानं जळका वास आला. साकेतनं धावत जाऊन गॅस बंद केला. किटलीत पाणीच नव्हतं.

"बघा," आजी कसनुसं हसल्या. "ब्रिंडलीचं बरोबर असेल. किल्ल्या विसरते, किटली विसरते. आता भावाचा चेहराही विसरले."

"दुसरा फोटो नाही का त्यांचा?" तनयानं विचारलं.

"आईनं सगळे शेगडीत टाकले, तो गेला त्या आठवड्यात. तिला बघवेनात. मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून रोज झोपताना त्याचा चेहरा आठवायचा, हा माझा नेम. पण मी इतकी वर्षं डॉब्सनचाच चेहरा आठवत असेन तर? मग आर्थरचा कुणाकडेच उरला नाही." त्या उठल्या. "रविवारी मी काही जायची नाही. त्यांचं ते करतील उद्घाटन."

 

"आणि ती बाई?" तनयानं विषय बदलायला विचारलं. "ती स्पॅनिश नाहीये."

"छे, पुण्याची आहे ती." आजींच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. "विमान दुरुस्त करणारा एक मेकॅनिक युद्धाआधी पूनाला होता. त्याच्याकडे केसांच्या तेलाचा एक डबा होता, तिकडून आणलेला. स्क्रू ठेवायचा त्यात. त्या डब्यावरची बाई त्यानं हुबेहूब रंगवली. आर्थरनं मला सांगितलं होतं. ब्रिंडलीला म्हटलं तर तो ऐकूनच घेत नाही."

वरच्या खोलीत तनया पलंगावर पालथी पडून पोस्टकार्डाकडे टक लावून बघत होती. काहीतरी खटकत होतं. नऊवारी तिच्या चांगल्याच ओळखीची होती. मागच्या गणपतीत लेस्टरच्या मंडळात लेझीम होतं, तेव्हा तिला नेसवली होती. तेव्हाची फजिती ती जन्मात विसरणार नव्हती. रश्मीकाकू समोर उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघून तिनं चापाची नथ नाकाला लावली होती. सगळ्या बायका खो खो हसल्या होत्या. काकू म्हणाल्या होत्या, "अगं बये, नथ डाव्या नाकपुडीत असते. तू मला आरसा समजलीस की काय?"

तनया ताडकन उठून बसली.

"साकेत, हिची नथ कुठल्या नाकपुडीत आहे?"

साकेतनं पोस्टकार्ड नाकाशी धरलं. "तिच्या उजव्या."

"आणि पदर?"

"उजव्या खांद्यावर. मग काय? आमच्या शेजारच्या दियाची मम्मी उजव्याच खांद्यावर घेते."

"ती गुजराती साडी, वेड्या. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. नेहमी. आणि नथही डावीकडेच. डब्यावरून हुबेहूब काढलेली बाई एकदम दोन्ही बाजूंनी कशी चुकेल?"

तिनं पोस्टकार्ड हिसकावलं आणि बाथरूमच्या आरशासमोर धरलं. आरशातली बाई ऐटीत उभी होती. पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकपुडीत, अगदी रश्मीकाकूंसारखी. आणि वाकड्या टोपीवाला मुलगा सर्रकन दुसऱ्या टोकाला गेला होता.

साकेतनं डावीकडून मोजायला सुरुवात केली. वाकडी टोपी सातवी आली.

"म्हणजे पाकिटावरची नावं बरोबर," तो हळूच म्हणाला, "आणि पेगी आजीही बरोबर."

"फक्त फोटो उलटा," तनया म्हणाली. "ब्रिंडलींनी निगेटिव्ह उलटी ठेवली स्कॅनरवर."

नकुलनं तिथल्या तिथे उडी मारली आणि टूथब्रशचा ग्लास खाली पाडला. "आजीला सांगू या!"

"थांब." तनयानं त्याला कॉलरला धरलं. "ब्रिंडलींनी मानलं नाही तर? आजींना परत वाईट वाटायचं. आधी ब्रिंडलींना पटवू, मग आजींना सांगू."

---

मिस्टर ब्रिंडलींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणजे, ऐकताना ते रविवारच्या खुर्च्या मोजत होते.

"साडी, नथ, छान आहे गोष्ट," ते म्हणाले. "पण चित्र काढणारा इंग्रज होता. त्याला काय कळतंय, कुठला खांदा आणि कुठलं नाक? तेवढ्यावरून मी फलक बदलायचा?"

"मग निगेटिव्ह तरी एकदा बघा ना," साकेत म्हणाला. "त्यात कळेलच असं नाही, पण..."

"ती बँकेच्या लॉकरमधल्यासारखी जपून ठेवलीय, पोरांना हाताळायला नाही. माझी चूक असेल तर ते विमानच आणून दाखवा मला. मग बघू." आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसून ते आत गेले.

परतीच्या वाटेवर साकेत पायानं दगड उडवत होता. "विमान आणा म्हणे. विमान आर्थरबरोबर पडलं असणार."

पण पडलं नव्हतं. संध्याकाळी मटार सोलता सोलता तनयानं अगदी सहज विचारलं, तेव्हा पेगी आजी म्हणाल्या, "त्या रात्री त्यांचं विमान दुरुस्तीला होतं. दुसरंच घेऊन गेले ते, आणि आले नाहीत. पुण्याची बाई मागे राहिली. युद्ध संपल्यावर इथेच शेतात सगळी विमानं तोडली. गावानं पत्रे उचलून नेले फुकटात. निम्म्या ऑर्म्सथॉर्पची खुराडी जर्मनीला जाऊन आलेली आहेत, माहितेय?"

तनयाच्या हातातल्या शेंगा टोपलीत सांडल्या. तिनं साकेतकडे पाहिलं, साकेतनं नकुलकडे. नकुल म्हणाला, "आजी, कोंबड्या कुणाकुणाकडे आहेत?"

---

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी गाव पिंजून काढलं. दार वाजवायचं, गोड हसायचं आणि "आम्ही सुट्टीत खुराड्यांचा अभ्यास करतोय" असं सांगायचं. ही थाप साकेतची. लोक इतक्या आनंदानं आपली खुराडी दाखवायचे की तनयाला लाजल्यासारखं झालं. पोस्टमास्तरणीचं खुराडं लाकडी निघालं. चर्चमागच्या आजोबांच्या खुराड्याला खरोखरच रिव्हेट मारलेला विमानाचा पत्रा होता, पण तो शेपटाचा. एका घरी कोंबड्याच नव्हत्या, तरी त्या बाईंनी अर्धा तास ससे दाखवले.

जेवणवेळ टळून गेली. उरलं होतं गावाबाहेरचं टफनेलांचं शेत. दार वाजवलं तर कुणी उघडेना. पण मागच्या बाजूला, सफरचंदाच्या झाडाखाली, एक बसकं खुराडं दिसत होतं. छप्पर गोल वळलेलं, वरून डांबर फासलेलं.

"घरं सरळ असतात," साकेत म्हणाला. "ते छप्पर गोल आहे. विमानासारखं."

"मालकांना विचारल्याशिवाय आत जायचं नाही," तनयानं बजावलं. बजावून वळते तोवर नकुल कुंपणाखालून पलीकडे गेलेला.

मग जे झालं ते फार भराभर झालं. गोठ्याआडून थोराड पांढऱ्या बदकांचा एक तांडाच्या तांडा फिस्कारत बाहेर पडला. नकुल किंचाळत सुटला आणि दुसरं काही न सुचून खुराड्याच्या दारातून आत घुसला. कोंबड्या पिसं उधळत बाहेर पळाल्या. बदकांनी खुराड्याला वेढा घातला. तनया आणि साकेत कुंपणावरून उडी मारून आले, तर बदकांनी मोर्चा त्यांच्याकडे वळवला. एकानं साकेतच्या पँटचा असा काही चावा घेतला की त्याचं सगळं शहाणपण उतरलं आणि तो सफरचंदाच्या झाडावर चढून बसला.

"तनू," खुराड्यातून बारीक आवाज आला. "तनू, इथे लई घाण आहे."

"बाहेर येऊ नकोस, बदकं आहेत."

"येत नाहीये. तनू, इथे ती आहे."

"कोण ती?"

"बाई. वरती. माझ्याकडे बघतेय."

तनयाला बदकंबिदकं काही दिसेनाशी झाली. ती गुडघ्यांवर बसून दारातून आत घुसली. आत अंधूक उजेड होता. कधीकाळी छताला आतून चुना लावलेला होता, तो पोपडे होऊन गळला होता. त्या पोपड्यांमागून एक सावळा चेहरा खाली पाहत होता. नकुल शर्टाच्या बाहीनं अलगद चुना पुसत होता. भुवई आली. कानातलं आलं.  मग नाक आलं आणि त्यावर मोत्यांची नथ.

डाव्या नाकपुडीत.

खांद्यावरचा चुना तनयानं स्वतः पुसला. हिरवा पदर, डाव्या खांद्यावर. शेजारी पिवळ्या छोट्या बॉम्बच्या रांगा. तनयाला एकदम रडूच आलं. का ते तिलाही कळेना.

"काय चाललंय माझ्या खुराड्यात?" बाहेरून ढगांच्या गडगडाटासारखा आवाज आला.

मिस्टर टफनेल. लालबुंद चेहरा, गुडघ्यापर्यंत चिखल. तनया केसांत पिसं घेऊन बाहेर आली आणि तिनं खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आरसा, नथ, आर्थर, रिकामी किटली, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.  टफनेल वाकून आत गेले, बराच वेळ आतच राहिले.

"माझ्या बापानं पत्रा उलटा वाकवून बसवलं हे छप्पर," बाहेर येऊन ते म्हणाले. "रोज अंडी काढायला आत जातो. वर कधी बघितलंच नाही." मग त्यांनी नाक पुसलं. "पेगी होलब्रुकनं मला लहानपणी शाळेत सोडलंय, हाताला धरून. ब्रिंडलीला विमान हवंय म्हणतेस?"

"हो."

"मग देऊ या. आणि त्या झाडावरच्या पोराला सांग, बदकं गेली."

---

रविवारी पेगी आजींना घराबाहेर काढणं हे सगळ्यात अवघड काम होतं. ते आईनं केलं. मुलांनी तिला सगळं सांगितलं होतं. "मला नुसत्या सोबतीला चला," ती आजींना म्हणाली. "माझी सुट्टी आहे आणि मला इथलं कुणीच ओळखीचं नाही." आजींना नाही म्हणवेना. पण त्या बसल्या शेवटच्या रांगेत.

मिस्टर ब्रिंडलींचं भाषण रंगात आलं होतं. मागे निळ्या कापडानं झाकलेला फलक उभा होता. "अचूकता," ते म्हणत होते, "हेच आमच्या म्युझियमचं..."

धड धड धड करत एक ट्रॅक्टर गवतावर आला. चालवत होते टफनेल. मागच्या ट्रॉलीत ताडपत्रीखाली काहीतरी मोठं होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिकांसारखे ताठ बसलेले साकेत आणि नकुल.

तनया उठून पुढे गेली.  "मिस्टर ब्रिंडली, तुम्ही म्हणाला होतात, विमान आणून दाखवा. आणलंय."

टफनेलांनी ताडपत्री ओढली.

धुऊन पुसून लख्ख केलेली पुण्याची बाई कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघत होती. लोक खुर्च्यांवरून उठून पुढे आले. साकेतनं भिंतीवरच्या फोटोचं पोस्टकार्ड चित्राशेजारी धरलं. सगळ्यांना दिसलं. एक बाई डावीकडची, एक उजवीकडची. मग नकुलनं आईच्या पर्समधला छोटा आरसा काढला, पोस्टकार्डासमोर धरला, आणि दोन्ही बाया अगदी सारख्या झाल्या.

मिस्टर ब्रिंडलींच्या हातातले भाषणाचे कागद खाली आले. ते झोपडीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात निगेटिव्ह होती. त्यांनी ती उन्हात धरली, मग उलटी करून धरली, ट्रॉलीतल्या बाईकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी उलटी ठेवली," ते म्हणाले. "पाकीट वाचलं, पण फोटो नीट बघितलाच नाही." मग ते खुर्च्यांमधून चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. "मिसेस होलब्रुक, तुमचंच बरोबर होतं. मी तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं. चारचौघांतच माफी मागतो."

पेगी आजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तनया साकेतकडचं पोस्टकार्ड घेऊन मागोमाग आली होती, आजी त्याकडेच बघत होत्या. तनयानं ते त्यांना दिलं. त्यांनी अंगठ्यानं त्या वाकड्या टोपीवरून हात फिरवला.

"हाच ना?" त्यांनी विचारलं. "नक्की हाच?"

"नक्की," तनया म्हणाली. "तुम्ही काहीच विसरला नव्हता."

आजींनी डोळे मिटून घेतले. गाल ओले झाले तरी त्यांनी पुसले नाहीत. "साठ वर्षं," त्या म्हणाल्या, "रोज रात्री बरोबर चेहरा आठवत होते मी."

फलक त्या दिवशी उघडला नाही. नवीन करून घ्यायचं ठरलं आणि तोवर पुण्याच्या बाईनं म्युझियमच्या दारात उभं राहायचं. फलकावरचं निळं कापड मात्र पत्र्यावर घातलं आणि आजींनीच ते ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या खाली पाटी काय लावायची, हे तनयानं सांगावं असं मिस्टर ब्रिंडलींनी सुचवलं. आईनं तिघांनाही एकदम मिठीत घेतलं, बदकांच्या वासासकट. "माझी गुणाची पोरं," ती म्हणाली आणि मग बारीक आवाजात, "पण पुढच्या वेळी लोकांच्या खुराड्यात विचारून शिरा."

नकुल मात्र रुसलेला होता. "शेवटी विमानात बसायला नाहीच मिळालं."

"नाही कसं?" टफनेल म्हणाले. "माझ्या खुराड्यात किती वेळ बसला होतास? इथे जमलेल्यांत खऱ्या बॉम्बरच्या नाकात बसलेला तू एकटाच. तू आणि माझ्या कोंबड्या."

नकुलचं तोंड उघडंच राहिलं. मग ते कानापर्यंत पसरलं.

पेगी आजींनी पोस्टकार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तनयाचा हात धरला.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "चहा करते. किटली निघतानाच भरून ठेवलीय."